अठरा पायऱ्या, सात पुस्तकं

भाचीनं पाचव्यांदा ‘११ मिनिटं’ असं लिहिलं आणि पेन्सिल दातात धरून मावशीकडे पाहिलं. अजून पाच वेळा लिहायचं बाकी होतं. ही शिक्षा नव्हती, ‘दुरुस्ती’ होती. शाळांमध्ये शिक्षेला हल्ली असंच म्हणतात.

मावशी म्हणजे आपल्या बाई. बावीस वर्षं तिसरीच्या वर्गाला गणित शिकवत आलेल्या. त्यांची धाकटी बहीण नर्स होती. तिची दुपारपाळी असली की भाची आपल्या शाळेतून थेट मावशीकडे यायची आणि जेवणाच्या टेबलावर दप्तर उपडं करायची. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाई आपला डॉक्टरेटचा प्रबंध शेवटचा तपासत बसल्या होत्या. आठ दिवसांनी तो विद्यापीठात द्यायचा होता.

“काय चुकलं होतं गं?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“मी लिहिलं होतं, सांगता येत नाही. तर टीचरनी फुली मारली. म्हणाल्या, पुस्तकात अकरा आहे.”

बाईंनी वही ओढून घेतली. प्रश्न भाचीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात उतरवलेला होता. ‘शाळेच्या जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. एका मुलीच्या हातात सात पुस्तकं आहेत. तर ती किती मिनिटांत वर पोहोचेल?’ त्याखाली ‘सांगता येत नाही’, त्यावर पानभर लाल फुली, आणि फुलीखाली एकाखाली एक पाच वेळा अकरा मिनिटं.

बाईंनी पाठ्यपुस्तक उघडलं. यंदाचं नवंकोरं, तिसरीचं गणित. पान अडतीस, प्रश्न सातवा. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, ती बाईंच्या बाबतीत वाटेत कुठेही न थांबता गेली.

कारण तो प्रश्न त्यांचा होता. जिना त्यांच्या शाळेचा होता, अठरा पायऱ्या त्यांनी स्वतः मोजल्या होत्या. आणि त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. उत्तर नसावं म्हणूनच त्यांनी तो बनवला होता.

ही गोष्ट नीट कळायला हवी, म्हणून थोडं मागे जाऊ. सहा वर्षांपूर्वी शिक्षण मंडळात अभ्यासक्रम प्रमुखाची जागा निघाली होती. मुलांनी काय शिकायचं, कोणत्या क्रमानं शिकायचं, हे ज्या खुर्चीत बसून ठरतं ती खुर्ची. बाईंनी अर्ज केला. मुलाखतीत त्यांना सांगण्यात आलं की तुमचा अनुभव दांडगा आहे, पण तुमच्याकडे डॉक्टरेट नाही. ज्यांना घेतलं त्यांच्याकडे डॉक्टरेट होती आणि त्यांनी आयुष्यात एकदाही खडू हातात धरला नव्हता. बाई घरी आल्या आणि तिसऱ्या दिवशी विद्यापीठात नाव नोंदवून आल्या. वय एक्केचाळीस. सोबतचे संशोधक त्यांना आधी काकू समजले.

त्यांचा विषय साधा होता: तिसरीची मुलं शाब्दिक उदाहरणात का चुकतात. त्याचा कच्चा माल बाईंकडे ढिगानं होता. त्यांच्याकडे चुकांची वही होती. मुलाचं चुकलेलं उत्तर त्या खोडू द्यायच्या नाहीत, जसंच्या तसं वहीत उतरवून घ्यायच्या, तारीख घालायच्या, आणि मूल असं का म्हणालं ते मुलाच्याच शब्दांत लिहायच्या. एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून होता. वहीत नाव लिहायचं नाही. चूक कोणी केली ते महत्त्वाचं नाही, ती कशी झाली ते महत्त्वाचं, असं त्या म्हणायच्या. अशा सतरा वह्या झाल्या होत्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांना पाठीमागे सगळे ‘चूकबाई’ म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं.

पहिल्या प्रयोगात त्यांनी स्वतःची लाडकी पद्धत तपासायला घेतली. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. सतरा-अठरा वर्षं त्यांनी असंच शिकवलं होतं आणि मुलं पटापटा उत्तरं काढतात म्हणून कौतुकही करून घेतलं होतं. दहा प्रश्नांच्या पत्रिकेत त्यांनी सातवा प्रश्न मुद्दाम बिनउत्तराचा घातला. मुलं वाचून विचार करतात की नुसते आकडे उचलतात, ते बघायला. शिकवण्याआधी चाळीसपैकी बावीस मुलं म्हणाली, हे सांगता येत नाही. त्याच पद्धतीनं दोन महिने शिकवल्यावर असं म्हणणारी सहा उरली. म्हणजे सोळा मुलांचा विचार बाईंनी दोन महिन्यांत स्वतःच्या हातानं बंद पाडला होता. त्या रडल्या नाहीत, पण आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही. मग त्यांनी पद्धत मोडीत काढली, नव्यानं सुरुवात केली, आणि आपली फजिती आकड्यांसकट चौथ्या प्रकरणात लिहून काढली.

ते चौथं प्रकरण, त्या पद्धतीचे पाठ आणि पत्रिका तीन वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या मार्गदर्शकांना वाचायला दिल्या होत्या. सर मोठं प्रस्थ होतं. काहीही दाखवायला न्या, ते म्हणत, पुढच्या आठवड्यात बघू. विद्यार्थ्यांनी त्यांचं नावच ‘पुढचा आठवडा’ ठेवलं होतं. नव्या पाठ्यपुस्तकाचे प्रमुख संपादकही तेच होते.

दुसऱ्या दिवशी बाई शाळा सुटल्या सुटल्या विद्यापीठात गेल्या. सरांच्या खोलीत भिंतभर काळ्या पुठ्ठ्याचे प्रबंध उभे होते, आणि टेबलावर नव्या पुस्तकांचा गठ्ठा होता, अजून दोरी न सोडलेला.

“सर, हे पान अडतीस.”

“छपाई काय सुरेख झालीय ना?”

“हा प्रश्न माझा आहे. ‘एकूण’ म्हणजे बेरीज, ‘उरले’ म्हणजे वजाबाकी, हा अख्खा धडा माझा आहे.”

“आहेच की. मी कुठे नाही म्हणतोय?” सर खुर्चीत मागे रेलले. “लोकांचे प्रबंध कपाटात धूळ खातात, मॅडम. तुमचं काम मी लाखो मुलांपर्यंत पोहोचवलं. पुढच्या आवृत्तीत ऋणनिर्देशात नाव घालू तुमचं.”

“सर, या प्रश्नाला उत्तर नाही.”

सरांनी चष्मा चढवून प्रश्न वाचला. त्यांचे ओठ किंचित हलले. अठरातून सात गेले, हे बाईंना समोरून दिसलं.

“अकरा,” सर म्हणाले. “उत्तरपुस्तिकेत दिलंय.”

“पायऱ्यांतून पुस्तकं वजा केली की मिनिटं कशी येतात?”

सरांनी पुस्तक मिटून बाईंकडे सरकवलं.

“आणि एका प्रश्नाचं सोडा,” बाई म्हणाल्या. “ही पद्धतच फसलीय. मुलं विचार करायची थांबतात. चौथ्या प्रकरणात सगळं लिहिलंय मी. तुम्ही ते ‘उत्तम’ असा शेरा मारून परत दिलंत.”

आता बाईंना सगळा प्रकार लख्ख दिसला. सरांनी प्रकरण वाचलंच नव्हतं. पाठ आणि पत्रिका तेवढ्या काढून घेतल्या, समितीकडे दिल्या, समितीतल्या कुणीतरी उत्तरं लिहिली, आणि वजाबाकीच्या धड्यात आहे म्हणजे वजाबाकीच करायची असणार, असं धरून अकरा ठोकून दिलं. इतकी शिकलेली माणसं, आणि बाईंच्या वर्गातल्या कच्च्या मुलानं केली असती तीच चूक त्यांनी केली होती. चोरीचा बाईंना राग आला होता. न वाचता केलेल्या चोरीचा त्याच्या दहापट आला.

सरांनी मात्र सावरून घेतलं. त्यात त्यांचा हातखंडा होता.

“हे बघा, मंडळातली ती जागा परत निघालीय. अर्जाला दोन महिने आहेत. चौथं प्रकरण काढा, बाकी प्रबंध खणखणीत आहे. तोंडी परीक्षा मी महिनाभरात लावून देतो. पदवी घ्या, त्या खुर्चीत बसा, आणि मग तुमच्याच हातानं हा धडा बदला. कोण अडवणार तुम्हाला?”

“बदल कधी करता येईल?”

“नवी आवृत्ती पाच वर्षांनी.”

“आणि प्रकरण ठेवलं तर?”

“तर बाहेरच्या परीक्षक पुस्तकही मागवतील, चौकशी होईल, मी सही करू शकणार नाही. सहा वर्षं पाण्यात जातील. माझी नाही, तुमची.” मग ते उठले. “पुढच्या आठवड्यात सांगा.”

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. तो पाणीपुरवठा खात्यात मीटर दुरुस्त करायचा, माणूस शांत. म्हणाला, “गळती बंद करायची तर आधी मुख्य चावी हातात यावी लागते. ती मिळतेय तर घे. बाहेर उभं राहून ओरडून पाणी थांबत नाही.”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणूनच बाईंना त्याचाही राग आला.

बहीण मुलीला न्यायला आली ती दारातच उभी राहून म्हणाली, “ताई, वॉर्डात चुकीचं औषध वाटलं जातंय हे कळल्यावर मी बढतीची वाट बघत बसत नाही.”

“तुला बोलायला काय जातंय?” बाई तडकल्या. “तुझ्या कामाची कुणी चोरी केलीय? तुझ्या तोंडावर कुणी म्हटलंय, तुझ्याकडे डॉक्टरेट नाही म्हणून?”

बहिणीनं मुलीचं दप्तर उचललं आणि ती जिना उतरून गेली. दोघी चार दिवस बोलल्या नाहीत.

आणि बाईंनी प्रकरण काढलं. होय, काढलं. एकतीस पानं. पाचव्याचं चौथं केलं, सहाव्याचं पाचवं, अनुक्रमणिका सारखी केली. काढलेली पानं क्लिप लावून सतराव्या वहीवर ठेवली आणि कपाट बंद केलं. सरांनी त्याच दिवशी सही केली. पुढचा आठवडा लागला नाही.

त्यानंतरचे दिवस बाई वर्गात चिडचिड करत होत्या. मुलं बिचारी चूक खोडायला रबर शोधू लागली. शाळेला नवं पुस्तक शिकवणं भाग होतं. पान अडतीसच्या दिवशी बाईंनी त्या धड्यावरून पुढे उडी मारली आणि कुणी विचारलं नाही. आपण गप्प बसलोय हे त्यांना ठाऊक होतं. पाच वर्षं म्हणजे तिसरीच्या पाच तुकड्या, असं त्यांनी एकदा मनात मोजलं आणि पुढे मोजायचं टाळलं.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दुपारी भाची आली. टेबलावर दप्तर उपडं झालं. बाईंना उगाच एक प्रश्न सुचला.

“हे सांग बरं. एका बागेत पंधरा झाडं आहेत. माळ्याला चार बहिणी आहेत. तर माळ्याचं वय किती?”

भाचीनं लगेच विचारलं, “मावशी, वजाबाकीच्या धड्यातलं आहे की बेरजेच्या?”

“का? त्यानं काय होतं?”

“वजाबाकीचं असेल तर अकरा. बेरजेचं असेल तर एकोणीस.”

“अकरा वर्षांचा माळी असतो का गं?”

भाचीनं खांदे उडवले. “पुस्तकात असतं तसं लिहायचं असतं.”

“पण तुला स्वतःला काय वाटतं?”

“मला काही वाटत नाही. बरोबर आलं की झालं.”

दीड महिन्यापूर्वी याच पोरीनं वहीत ‘सांगता येत नाही’ लिहिलं होतं. एकटीनं, स्वतःच्या डोक्यानं. बाईंना भाचीचा राग आला नाही. टीचरचाही आला नाही, त्या बिचारीनं उत्तरपुस्तिका उघडली होती इतकंच. सरांचा आला. आणि सरांपेक्षा जास्त राग आला तो स्वतःचा, कपाटात एकतीस पानं दडपून नव्या खुर्चीची वाट बघत बसलेल्या चूकबाईंचा. त्या उठल्या, कपाट उघडलं आणि पानं पिशवीत घातली. पिशवीत घातली म्हणजे दाखवणारच, असं अजून ठरलं नव्हतं.

परीक्षेच्या दालनात लांब टेबल होतं, पाण्याचे झाकलेले पेले होते, मागच्या खुर्च्यांवर दहाबारा संशोधक होते. अध्यक्षस्थानी विभागप्रमुख, त्यांच्या उजवीकडे सर. डावीकडे बाहेरच्या परीक्षक, दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या, पांढऱ्या केसांच्या, हातात निळी पेन्सिल. त्यांनी प्रबंध खरंच वाचला होता. पानापानाला चिठ्ठ्या लावलेल्या होत्या.

तासभर सगळं छान चाललं. मग त्यांनी एक चिठ्ठी उलटली.

“पान दोनशे बारा. ‘चौथ्या प्रकरणातील तक्त्यात दाखवल्याप्रमाणे, पहिल्या प्रयोगात बावीसवरून सहावर घसरण झाली.’ मी चौथं प्रकरण दोनदा पाहिलं. असा तक्ता नाही. कसली घसरण?”

एवढी अनुक्रमणिका सारखी केली, आकडे बदलले, आणि हे एक वाक्य राहून गेलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका गोळा करणाऱ्या बाईंची स्वतःची एक चूक.

“टंकलेखनाची चूक दिसतेय,” सर पटकन म्हणाले. “मॅडम, दुरुस्त करून घ्याल ना?”

सरांनी बाईंकडे पाहिलं. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर. मग टाळ्या, चहा, पदवी, खुर्ची.

“टंकलेखनाची चूक नाही,” बाई म्हणाल्या. “प्रकरण मी काढलंय.”

त्यांनी पिशवीतून एकतीस पानं काढून परीक्षकांपुढे ठेवली आणि त्यावर तिसरीचं गणित, पान अडतीस उघडून. आवाज चढला होता, त्यांनी तो उतरवला नाही.

“माझा फसलेला प्रयोग आहे हा. फसला म्हणून मी लिहिला. तो आता पाठ्यपुस्तकात आहे. ज्या प्रश्नाला उत्तर नाही त्याला उत्तर छापलंय, आणि ज्या मुलांनी ‘सांगता येत नाही’ असं बरोबर लिहिलं त्यांच्यावर फुल्या पडतायत. मला हे तोंडी परीक्षेआधी दीड महिना माहीत होतं. मी गप्प बसले, कारण मला पदवी हवी होती. अजून हवी आहे. पण हे प्रकरण वगळून नको.”

परीक्षकांनी चौथं प्रकरण तिथेच वाचायला घेतलं. वीस मिनिटं त्या वाचत होत्या आणि वीस मिनिटं सर पेल्यावरचं झाकण काढत होते, ठेवत होते.

निकाल असा लागला: वगळलेलं प्रकरण जोडून प्रबंध सहा महिन्यांत पुन्हा सादर करावा. परीक्षकांनी बाहेर पडताना बाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, “तुमचं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच आहे.” अर्जाची मुदत तीन आठवड्यांवर होती. म्हणजे खुर्ची गेली.

सरांनी व्हरांड्यात गाठलं. “चारचौघांत तोंडघशी पाडलंत मला. सहा वर्षं मार्गदर्शन केलं, त्याचे हे पांग फेडलेत?”

“सहा वर्षांत एक शब्द लिहिलात तुम्ही सर. ‘उत्तम’. तोही न वाचता.”

अभ्यासक्रम प्रमुखाची जागा दोन महिन्यांनी भरली. उत्तरपुस्तिका तयार करणाऱ्या गृहस्थांना मिळाली. त्यांच्याकडे डॉक्टरेट होती.

आणि मग एके दिवशी सगळ्या शाळांना परिपत्रक आलं. मुख्याध्यापकांनी बाईंच्या हातात दिलं, तेव्हा क्षणभर बाईंना वाटलं, झालं आपलं काम. दोनच ओळी होत्या. ‘इयत्ता तिसरी, गणित, पान ३८ वरील प्रश्न ७ मुद्रणदोषामुळे वगळण्यात येत आहे. उर्वरित धडा आहे तसाच शिकवावा.’ खाली प्रमुख संपादकांची सही.

मुद्रणदोष. म्हणजे चूक छापखान्याची. आजार दाखवणारा एकुलता एक प्रश्न काढून टाकला आणि आजार तसाच ठेवला. बाईंनी परिपत्रक घडी करून पर्समध्ये घातलं. वर्गात जाऊन त्यांनी फळ्यावर तोच प्रश्न लिहिला, अठरा पायऱ्या, सात पुस्तकं, आणि दोन्ही तास त्याच्यावरच घालवले. त्या दिवशी कुणी रबर मागितलं नाही.

दुपारी भाची गृहपाठ करत होती. बाईंनी सतरावी वही काढली, एक कोरं पान उघडलं आणि परिपत्रक त्यावर डिंकानं नीट चिकटवलं. तारीख घातली. खाली सरांचं नाव लिहिलं, पूर्ण, सगळ्या पदव्यांसकट.

भाची वाकून बघत होती. “मावशी, यात नावं लिहायची नसतात ना?”

“मुलांची नसतात,” बाई म्हणाल्या, आणि त्याच्याखाली स्वतःचं नाव लिहिलं.